गावच्या शाळेतल्या माणसांचा सत्कार: शाल आणायच्या आधी काय करायचं

एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष विचारतात: आमची शाळा पहिली ते सातवी, चार शिक्षक, पोषण आहार शिजवणाऱ्या दोन ताई. ५ सप्टेंबरला गावातर्फे सगळ्यांचा सत्कार करायचा आहे, थोडी लोकवर्गणीही जमली आहे. शाल, श्रीफळ, फेटा आणि भाषणं यांच्यापलीकडे काही करता येईल का? आणि एका शिक्षकांबद्दल गावात नाराजी आहे, त्यांचाही सत्कार करायचा का?

मी मराठवाड्यात आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक आणि शेवटची वर्षं केंद्रप्रमुख म्हणून काम केलं. केंद्रप्रमुखाला एका वेळी अनेक शाळांचे कार्यक्रम जवळून बघायला मिळतात. त्या अनुभवावरून सांगतो: करता येईल, आणि फार पैसे न खर्चता करता येईल. मात्र कामाला कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी लागावं लागेल.

बहुतेक सत्कारांत काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. मानपत्र वाचलं जातं. त्यात "ज्ञानदानाचं पवित्र कार्य", "विद्यार्थिप्रिय", "हाडाचे शिक्षक", "मनमिळाऊ स्वभाव" असे शब्द असतात. त्याच मानपत्रावर शेजारच्या गावातल्या गुरुजींचं नाव घातलं तरी काही बिघडत नाही, कारण या गुरुजींनी या गावात नेमकं काय केलं हे त्यात कुठेच नसतं. ज्याचा सत्कार होतोय त्याला हे कळतं. तो हसून नमस्कार करतो, शाल घडी करून पिशवीत ठेवतो, आणि गावाला आपलं काम माहीतच नाही हे मनात घेऊन घरी जातो. वीस वर्षं एका शाळेत राबलेल्या माणसाच्या वाट्याला हे येऊ नये असं मला फार मनापासून वाटतं.

म्हणून पहिलं काम हे: समितीतल्या दोघांनी एक अख्खा दिवस शाळेत बसायचं. कुलूप उघडण्यापासून कुलूप लागेपर्यंत. मुख्याध्यापकांना आधी सांगा, कशासाठी येतोय तेही सांगा, नाहीतर त्यांना वाटेल तपासणी आहे. तुम्हाला तो अधिकार आहेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं हे समितीचं पहिलं काम आहे. एरवी हे लक्ष चुका शोधण्यासाठी वापरलं जातं. या वेळी चांगलं काय चाललंय ते शोधायला वापरा. बसणाऱ्या दोघांत एक बाई असू द्या. स्वयंपाकघरात ताई तिच्याशी जे बोलतील ते तुमच्या-माझ्याशी बोलणार नाहीत.

सकाळी सगळ्यात आधी दिसेल ते असं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला सहसा शिपाई नसतो. त्यामुळे फाटक उघडणं, वर्ग झाडून घेणं, पाण्याची टाकी भरली का बघणं, रात्री कुणी व्हरांड्यात बसून काही टाकून गेलं असेल तर ते मुलं यायच्या आत उचलणं, हे सगळं शिक्षक, ताई आणि मोठी मुलं मिळून करतात. घंटाही तेच देतात. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे की नाही हे रोज कोण बघतं, हे मुद्दाम विचारा. ज्या शाळेत कुणीतरी हे न चुकता बघतं तिथे सहावी-सातवीच्या मुलींची हजेरी टिकते. ते काम करणाऱ्याचं नाव आजवर कुठल्याही मानपत्रात आलेलं मी ऐकलं नाही.

मग वर्ग सुरू होतात. सात वर्ग, चार शिक्षक. म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन वर्ग, आणि मुख्याध्यापकांकडे वर्ग असून कार्यालयही. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं प्रमाण आहे. कागदावर ते तीस मुलांमागे एक शिक्षक असं छान दिसतं. प्रत्यक्षात त्या दोन शिक्षकांसमोर पाच इयत्ता असतात. आम्ही याला बहुवर्ग अध्यापन म्हणतो. हे कसब बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बाई तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी काड्यांच्या गठ्ठ्यांवर करायला बसवतात, चौथीच्या मुलीला धडा मोठ्याने वाचायला लावतात, आणि फळ्याकडे पाठ करून अशा जागी उभ्या राहतात की दोन्हीकडे लक्ष राहील. तिसरीतला एक मुलगा गठ्ठा सोडवायचा सोडून नुसती बोटं मोजतोय हे त्यांना दिसतं. त्याच वेळी वाचणारी मुलगी जोडाक्षराला अडखळली हेही ऐकू येतं. दोघांपैकी कुणाला आधी मदत करायची हे त्या क्षणात ठरवतात. असं दिवसातून शेकडो वेळा होतं. अर्धा तास मागे बसून फक्त हे बघा. त्यानंतर "जिल्हा परिषदेचे शिक्षक काय करतात" असं तुम्ही पुन्हा म्हणणार नाही.

मधल्या सुट्टीत शिक्षक काय करतात तेही बघा. हजेरीची ऑनलाइन नोंद, किती मुलं जेवली त्याची नोंद, कुणाच्या आधारकार्डातलं नाव शाळेतल्या नावाशी जुळत नाही ते प्रकरण, यू-डायसची, म्हणजे सरकारकडे भरायची शाळेची ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज. रेंज मिळावी म्हणून शाळेच्या कोपऱ्यात नाहीतर रस्त्यावर जाऊन मोबाइल वर धरून उभे असलेले गुरुजी बघून गावाला वाटतं, हे सारखे फोनवर असतात. तो गैरसमज या एका दिवसात दूर झाला तरी तुमचं बसणं सार्थकी लागलं.

आता स्वयंपाकघर. इथे जरा जास्त वेळ द्या.

तुमच्याकडे दोन ताई आहेत म्हणजे पट २६ ते १०० च्या दरम्यान असणार. पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरापर्यंत दोन, आणि पुढच्या प्रत्येक शंभराला एक असा नियम आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीला १५० ग्रॅम. लहान मुलाला जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, मोठ्याला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. हे आकडे दिल्लीत ठरले, पण मुलाच्या ताटात पोचतात ते या दोन बायकांच्या हातून. तांदूळ निवडणं, मटकी-हरभरा भिजत घालणं, पातेली उतरवणं, वाढणं, मग सगळी भांडी घासून पालथी घालणं. शिजल्यावर मुलांना वाढण्याआधी चव घ्यायची आणि चव नोंदवहीत सही करायची, हा मुलांच्या जिवाशी जोडलेला नियम आहे. त्या नोंदवहीची जुनी पानं चाळा. एकेका सहीमागे कुणीतरी गरम भातापाशी थांबलेलं आहे.

आणि त्यांना काय मिळतं? केंद्र सरकारने २००९ मध्ये स्वयंपाकी-मदतनीसांचं मानधन महिन्याला १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहाच महिने. केंद्राचा तो आकडा पुढे तसाच राहिला. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून ते २५०० रुपयांपर्यंत नेलं. दिवसाला भागून बघा. शेतात खुरपायला गेलं तर याहून जास्त मिळतं, आणि तरीही या बायका येतात. मी विचारलं तेव्हा एकीने सांगितलं होतं की सोमवारी पोरं जास्त खातात. रविवारी घरी काय शिजतं हे गावात कुणाला माहीत नसतं, तिला माहीत असतं. कोणता मुलगा डबा नाही म्हणून नव्हे तर घरात भांडण झालं म्हणून जेवत नाहीये, हे शिक्षकाच्या आधी ताईला कळतं. त्या ते गुपचूप बाईंच्या कानावर घालतात, आणि बाई त्या दिवशी त्या मुलाला पाढे म्हणायला उभं करत नाहीत. शाळा अशी चालते.

एका दिवसात सगळं दिसणार नाही, म्हणून माजी विद्यार्थ्यांशी आणि आयांशी बोला. विचारायचं एवढंच: "या सरांनी किंवा बाईंनी तुमच्या मुलासाठी केलेली एक गोष्ट सांगा." स्वभाव कसा आहे हे विचारू नका, केलेली गोष्ट विचारा. आमच्याकडे बीडच्या बाजूला दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. त्या आठवड्यात चांगले शिक्षक संध्याकाळी वस्तीवर जाऊन आजी-आजोबांना समजावतात की पोराला मागे ठेवा, हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय होईल. कुणी ऐकलं नाही तर मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता यावं. हे कुठल्या अहवालात ठळक छापून येत नाही. पण त्या आजीला विचारा, ती तारखेसकट सांगेल. करोनाच्या काळात मार्च २०२० पासून शाळा बंद होत्या, तेव्हा पारावर, ओट्यावर, देवळाच्या सभामंडपात चार-चार मुलं घेऊन बसलेले शिक्षक तुमच्याही गावात असतील. त्याच काळात त्यांना नाक्यांवर आणि घरोघरच्या सर्वेक्षणावरही नेमलं होतं. त्याबद्दल गावाने त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले असतील, तर आता माना.

हे सगळं गोळा झालं की मानपत्र लिहायला बसा. छापील नमुना घेऊ नका. साधारण असं लिहा, तपशील अर्थात तुमच्या शाळेतले घालून:

"आपण या शाळेत आलात तेव्हा दुसरीतली अकरा मुलं वाचत नव्हती. आपण रोज शाळा सुटल्यावर त्यांच्यासाठी थांबलात. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत त्यातली नऊ मुलं गोष्टीचं पुस्तक वाचू लागली. उरलेल्या दोघांच्या घरी आपण जाऊन आलात. गावाला हे माहीत आहे."

आणि ताईंसाठी:

"पावसाळ्यात स्वयंपाकघराचं छप्पर गळत असताना आपण चूल व्हरांड्यात मांडलीत आणि एकही दिवस जेवण बंद पडू दिलं नाही. पहिलीतल्या नव्या मुलांना आपण हाताने भरवलंत."

पाच-सहा वाक्यं पुरेत. विशेषणं काढून टाका, काम राहू द्या. मुख्याध्यापकांकडून आकडे तपासून घ्या, कारण चुकीचं कौतुक ऐकणाऱ्याला अवघडून टाकतं.

आता त्या शिक्षकांबद्दल, ज्यांच्यावर गाव नाराज आहे.

आधी नाराजी कशाची ते नीट बघा. मी पाहिलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच अशा होत्या की "गुरुजी शाळेत नसतात". चौकशी केली तर गुरुजी मतदार यादीच्या कामावर, प्रशिक्षणाला, नाहीतर गटशिक्षण कार्यालयाच्या बैठकीला गेलेले असायचे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावायचं नाही. पण या तीन कामांतच किती दिवस जातात हे गावाला दिसत नाही, फक्त रिकामी खुर्ची दिसते. तर आधी हजेरीपट आणि हालचाल नोंदवही बघा.

खरंच हयगय असेल, उशिरा येणं, वर्गात लक्ष नसणं, तर तो विषय समितीच्या बैठकीत घ्या. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं लिहिलेली आहेत: नियमित आणि वेळेवर येणं, अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पूर्ण करणं, पालकांना भेटून मुलाची प्रगती सांगणं. त्यावर बोट ठेवून, इतिवृत्तात नोंद करून बोला. सत्काराच्या व्यासपीठावरून टोमणे मारणं, किंवा तिघांना बोलावून चौथ्याला वगळणं, याने तो माणूस सुधारत नाही, आणि बाकीचे तिघेही मनातून दुरावतात. चारही जणांना बोलवा. ज्यांच्याबद्दल नाराजी आहे त्यांच्याविषयी तुम्हाला एकच चांगली गोष्ट दिसली असेल, तर एकच लिहा, पण खरी लिहा. इतरांचं मानपत्र दहा ओळींचं आणि त्यांचं दोन ओळींचं झालं तर होऊ द्या. खोटी भर घालू नका.

चौघांतून एकाला "आदर्श" ठरवायचा मोहही टाळा. निवड करणारे पुरस्कार वेगळे आहेत, त्यांची यंत्रणा वेगळी आहे. राज्याचा क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार आहे, केंद्राचा राष्ट्रीय पुरस्कार आहे, आणि त्यांसाठी शिक्षकाला स्वतः माहिती भरून पुरावे जोडावे लागतात. ज्यांना फाइल बनवणं जमत नाही, किंवा स्वतःबद्दल लिहिणं रुचत नाही, ते मागेच राहतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा राज्यभरातल्या शिक्षकांची मान ताठ झाली. पुस्तकात क्यूआर कोड घालायची त्यांची कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचली होती. पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की त्यांनी बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. आपल्यासारखं काम करणारे आणखी आहेत, हे त्या माणसाला माहीत होतं. गावाने सत्कार करताना तोच विचार ठेवावा.

शाळेच्या हजेरीपटावर नसलेली माणसंही आठवून काढा. दिव्यांग मुलांसाठी आठवड्यातून कधीतरी येणारे विशेष शिक्षक अनेक शाळा फिरतात, अंथरुणाला खिळलेल्या मुलाला घरी जाऊन शिकवतात, आणि कुठल्याच शाळेच्या फोटोत नसतात. पूर्वी आहार शिजवणाऱ्या आणि आता वयामुळे घरी बसलेल्या आजी असतील तर त्यांना बोलवा. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे मुलांना तांदूळ घरी न्यायला मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं जेवण देणं बंधनकारक झालं. त्या सुरुवातीच्या दिवसांत शेड नव्हती, गॅस नव्हता, उघड्यावर तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवणाऱ्या बायका होत्या. त्यांचा सत्कार कुणी केलेला मी पाहिलेला नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी माध्यमिक शाळेशी संबंधित असेल तर त्यांनी लिपिक, शिपाई आणि प्रयोगशाळा परिचर यांच्याकडे असंच बघावं. विशेषतः लिपिकाकडे. शाळेचं जनरल रजिस्टर म्हणजे गावातल्या तीन-चार पिढ्यांची नोंद. जात पडताळणीला आजोबांच्या शाळेचा उतारा लागतो तेव्हा सगळे धावत येतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुनी शालेय रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. ज्या शाळांत ती वाळवीपासून, गळत्या छतापासून कुणीतरी वाचवून ठेवली होती, तिथे लोकांना कागद मिळाला. ते वाचवणारं "कुणीतरी" बहुतेक वेळा एक लिपिक किंवा एक शिपाई असतो. शिपाई तर आता कमीच होत चाललेत. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांत ही पदं पुढे न भरता त्याऐवजी शाळेला भत्ता द्यायचं ठरलं. म्हणजे जे आहेत ते निवृत्त होतील आणि त्यांच्या जागी शाळेचा माणूस म्हणून कुणी येणार नाही. त्यांच्या निरोप समारंभाला गावाने जायलाच हवं.

कार्यक्रमाबद्दल आता. सगळ्यात मोठी चूक ही होते की ज्यांचा सत्कार त्यांनाच कामाला लावलं जातं. बाई रांगोळी काढतात, सर माइक जोडतात, सूत्रसंचालनही तेच करतात, आणि ताई पाहुण्यांचा चहा-नाश्ता करत स्वयंपाकघरातच असतात. त्यांचं नाव पुकारलं की पदराला हात पुसत येतात आणि नारळ घेऊन परत जातात. हे तुमच्याकडे होऊ देऊ नका. त्या दिवशी खुर्च्या तरुण मंडळाने मांडाव्यात, सूत्रसंचालन माजी विद्यार्थिनीने करावं, आणि जेवण समितीने बनवावं. पोषण आहार योजनेत गावातल्या लोकांनी मुलांना जेवण द्यायची सोय आहे, तिला तिथीभोजन म्हणतात. मुख्याध्यापकांशी बोलून त्याच मार्गाने करा. चव घेऊन नोंद करायची ती त्याही दिवशी करा. दोन्ही ताईंना मुलांच्या पंगतीत बसवा आणि सातवीच्या मुलांनी त्यांना वाढू द्या. शिक्षक दिनाला मुलं शिक्षक होऊन वर्ग घेतात, ती पद्धत छान आहे. पण ताईंची जागा त्या दिवशी कुणी घेत नाही. यंदा घ्या.

सत्काराचा क्रम उलटा ठेवा: आधी ताई, मग शिक्षक, शेवटी मुख्याध्यापक. उशीर झाला की शेवटचे सत्कार "वेळेअभावी" एकत्र उरकले जातात आणि दर वेळी त्यात ताईच असतात. निमंत्रणपत्रिकेत आणि फलकावर त्यांचं पूर्ण नाव आडनावासकट छापा. "आहारवाल्या मावशी" असं छापू नका. पाहुण्यांची भाषणं दोनच ठेवा, पाच-पाच मिनिटांची. बाकीचा वेळ मुलांना आणि पालकांना द्या. सत्कार कुणाच्या हस्ते हाही विचार करा. पुढाऱ्याच्या हस्ते झालेला सत्कार पुढाऱ्याच्या फोटोसाठी असतो. ज्या मुलाला वाचायला शिकवलं त्याच्या आईच्या हस्ते होऊ द्या. आणि सगळं दीड तासात संपवा. ताईंना घरी जनावरं असतात, शिक्षकांना पंचवीस-तीस किलोमीटर गाडीवर जायचं असतं.

पैशांचं काय करायचं? शिक्षकांना रोख किंवा महाग वस्तू देऊ नका. ते जिल्हा परिषदेचे कर्मचारी आहेत, त्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि भेटी स्वीकारण्यावर बंधनं आहेत. तुमच्या प्रेमामुळे त्यांना खुलासा द्यायची वेळ येऊ नये. कार्यक्रम ठरला की गटशिक्षणाधिकाऱ्यांना समितीच्या नावाने पत्र द्या आणि परवानगी घ्या. शिक्षकांना हाताने लिहिलेलं मानपत्र, मुलांनी लिहिलेल्या पत्रांची वही आणि वर्गाला लागणारी एखादी वस्तू द्या. वर्गाला काय लागतं ते त्यांनाच विचारा, कारण गावाला वाटतं घड्याळ द्यावं आणि शाळेत आधीच चार बंद घड्याळं असतात. बहुतेक बाई गोष्टीची पुस्तकं मागतील, पहिली-दुसरीची, मोठ्या अक्षरांची.

उरलेली वर्गणी स्वयंपाकघरावर घाला. धूर बाहेर जायची सोय, ओटा, हात भाजू नये म्हणून चांगल्या सांडश्या, मोठं कुकर, धान्याला घट्ट झाकणाच्या कोठ्या. ताईंची आरोग्य तपासणी होते का ते विचारा. होत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. आणि त्यांचं मानधन किती महिन्यांचं थकलंय हे त्या दिवशी माइकवरून नव्हे, आधीच विचारून ठेवा. थकलं असेल तर समितीच्या ठरावासह पंचायत समितीकडे पत्र द्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी पुन्हा जा. साडीपेक्षा याचा उपयोग त्यांना जास्त आहे.

शिक्षकांसाठी गावाला देता येण्यासारखी एक मोठी गोष्ट आहे, आणि तिला एक रुपया लागत नाही. ग्रामसभेत ठराव करा की वर्ग चालू असताना कुणीही शिक्षकांना भेटायला, दाखल्यासाठी, सहीसाठी, चहाला, गप्पांना वर्गात जाणार नाही. ही सगळी कामं मधल्या सुट्टीत नाहीतर शाळा सुटल्यावर. दाराशी माणूस आला की दोन्ही इयत्तांचं लक्ष तुटतं आणि पुन्हा बसवायला दहा मिनिटं जातात. ज्या गावांनी हे पाळलं तिथल्या शिक्षकांनी मला सांगितलंय की गावाने त्यांना वेळ दिला, यासारखा मान नाही. ठराव कार्यक्रमात वाचून दाखवा, शाळेच्या फाटकावर लावा, आणि पहिल्यांदा सरपंचांनी तो स्वतः पाळावा.

नवीन रुजू झालेले कुणी शिक्षण सेवक तुमच्या शाळेत असतील तर त्यांच्याकडे थोडं जास्त लक्ष द्या. तीन वर्षं मानधनावर असतात. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला ते १६००० रुपये झालं, त्याआधी ६००० होतं. बहुतेक जण दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले, खोली भाड्याने घेऊन एकटे राहणारे. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं अजून फार घडलेलं नसेल. त्यांचा गावाशी परिचय करून द्या, मानपत्र पुढच्या वर्षी. आणि बदली होऊन जाणाऱ्यांसाठी वेगळा निरोप ठेवा. बदल्यांचे आदेश ऑनलाइन येतात, दोन-चार दिवसांत माणूस कार्यमुक्त होतो आणि मुलांना नीट भेटायचंही राहतं. समितीने तो एक तास राखून ठेवावा.

५ सप्टेंबरचं म्हणाल तर डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी, १९६२ पासून, देशभर शिक्षक दिन होतो. त्या दिवशी तालुक्याचेही कार्यक्रम असतात आणि मुख्याध्यापकांना तिकडे बोलावणं येऊ शकतं. तसं झालं किंवा तीन आठवड्यांत तयारी पुरी झाली नाही, तर घाई करू नका. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या त्या बाईंच्या अंगावर लोकांनी शेण फेकलं होतं. त्यांच्या नावाच्या दिवशी शिकवणाऱ्या बाई आणि जेवू घालणाऱ्या ताई एका व्यासपीठावर बसल्या तर ते शोभून दिसेल. शिवाय सप्टेंबर ते जानेवारी हे मधले महिने शाळेत जाऊन बसायला मिळतील, आणि मानपत्रात लिहायला तेवढ्या जास्त खऱ्या गोष्टी हाती येतील.